लांबून ऑनलाइन घेतलेली सेकंड हँड गाडी घोटाळ्याची निघाली, आता विकणाऱ्याशी भांडायचं कसं?

फोटोत गाडी एकदम चकाचक, व्हिडिओ कॉलवर इंजिन चालू करून दाखवलं, पैसे पाठवले, गाडी ट्रेलरवरून आली आणि दुसऱ्याच दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला. असं झालं की माणूस सगळ्यात आधी काय करतो तर विकणाऱ्याला फोन लावून ओरडतो. मीही तेच केलं होतं आणि तो फोन मला फार महागात पडला. सगळं बोलणं तोंडी झालं, काहीच रेकॉर्डवर नाही, आणि रागाच्या भरात मी "माझ्या मेकॅनिकने उघडून बघितलंय" असं बोलून गेलो. पुढचे दोन महिने त्या माणसाने तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं, की तुमच्या मेकॅनिकनेच काहीतरी उघडून बिघडवलं. म्हणून पहिल्यांदाच या भानगडीत पडलेल्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. समोर जाऊन गाडी घेतली की विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही बघून घेतली ना?" लांबून घेतलेल्या गाडीत ते उत्तर तेवढं चालत नाही, कारण तुम्ही गाडीला हात लावलेलाच नाही, तुम्ही फक्त त्याच्या शब्दांवर आणि फोटोंवर विसंबलात, आणि ते शब्द कुठेतरी लिहिलेले आहेत. त्यामुळे "गाडी खराब आहे" हे भांडणच करू नका, जुनी गाडी थोडीफार खराब असणारच. तुमचं भांडण एवढंच, की सांगितलं काय आणि आलं काय. खाली जे जे आहे ते सगळं या दोन बाजू कागदावर आणण्यासाठी आहे.

पहिलं काम, हा वाद आहे की सरळसरळ फसवणूक ते ठरवा

गाडी आलीच नाही, विकणारा गायब झाला, गाडीवरचा चेसिस नंबर आणि कागदावरचा नंबर वेगळा निघाला, किंवा कागदच बनावट असतील तर पुढचे मेसेज-बिसेज करत बसू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि पोलिसात तक्रार द्या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबले तर थांबले, तिथे तास मोजायचे असतात. बाकीचा लेख ज्यांची गाडी आलीये आणि विकणारा अजून फोन उचलतोय त्यांच्यासाठी.

गाडी उभी करा

मीटरचं रीडिंग, चारही बाजू, लागलेले दिवे, सगळ्याचे फोटो काढा आणि गाडी जागेवर ठेवा. मला कळतं की एवढे पैसे घालून गाडी दारात नुसती उभी ठेवणं जिवावर येतं, पण रोज ऑफिसला नेत राहिलात तर "वापरली की तुम्ही, आता काय" हे ऐकायची तयारी ठेवा. आणि नुसतं ऐकायचं नाही, काही ठिकाणी परत करताना जास्त चाललेल्या किलोमीटरचा घसारा खरंच कापतात, आणि वेबसाइटच्या रिटर्न पॉलिसीत अमुक दिवस आणि अमुक किलोमीटर अशी अट बऱ्याचदा असतेच. ऑइलचा लाल दिवा किंवा इंजिन तापल्याची खूण असेल तर स्टार्टसुद्धा करू नका.

दुरुस्ती आत्ता नाही. हा नियम सगळ्यात जास्त लोक मोडतात. स्वस्तातलं काम आहे, करून टाकू, बिल नंतर मागू, असं वाटतं. पण जुना पार्ट गेला की पुरावा गेला, आणि विकणाऱ्याला बघायची संधीच दिली नाही असंही ठरतं. अगदी ब्रेकसारखं सुरक्षेचं काम असेल आणि गाडी हलवणं भागच असेल तर आधी लेखी कळवा, फोटो-व्हिडिओ काढा, काढलेला पार्ट पिशवीत घालून जपून ठेवा.

जाहिरात पकडून ठेवा, आजच

तुम्ही तक्रार केली की जाहिरात बदलते किंवा उडते, हे गृहीत धरा. वरपासून खालपर्यंत पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि लिंक दिसली पाहिजे, शिवाय पान सरकवत एक स्क्रीन रेकॉर्डिंगही करा. चॅट निवडून निवडून कापू नका, पूर्णच्या पूर्ण एक्स्पोर्ट करा. त्यात तुमचेही दोन वेडेवाकडे मेसेज असतील तर असू देत, कापलेल्या चॅटवर कोणी विश्वास ठेवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि तो कधी काढला ही आतली माहितीही निघून जाते, त्यामुळे तुम्ही स्वतः काढलेले फोटो मूळ फाइल म्हणून कुठेतरी वेगळे ठेवा. आणि हो, नेमका याच महिन्यात फोन बदलू नका.

फोनवर बोलणं झालंच तर ठेवल्यावर लगेच मेसेज टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही म्हणालात की क्लच मागच्या वर्षी बदललाय आणि बिल पाठवता, चुकीचं असेल तर कळवा." कॉल रेकॉर्डिंगचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, काही ठिकाणी दोघांची परवानगी लागते, पण असा मेसेज पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. समोरचा गप्प राहिला तरी तो मेसेज तारखेसकट रेकॉर्डवर राहतो.

आता दोन रकाने पाडा

डावीकडे त्याने सांगितलेलं, शब्दशः. उजवीकडे प्रत्यक्षात काय निघालं. इथे जरा कडक राहायचं. "मस्त कंडिशन", "मक्खन गाडी", "घ्या आणि चालवा" ही वाक्यं डावीकडे घेऊ नका, ती विकणाऱ्याची भाषा आहे, त्याने काहीच सिद्ध होत नाही. "नॉन-अ‍ॅक्सिडेंटल", "ओरिजिनल रनिंग", "एकच मालक", "टायमिंग बेल्ट बदललेला आहे", ही घ्या, कारण ही तपासता येतात. तुम्ही स्पष्ट विचारलं होतं आणि त्याने स्पष्ट खोटं सांगितलं असेल तर ती ओळ सगळ्यात वर. तुम्ही विचारलंच नाही आणि तो बोललाच नाही, अशा ओळी खाली.

आणि ब्रेक पॅड झिजले, बॅटरी थकलीये, वायपर खरखर करतात, सीटला डाग आहे असलं सगळं खोडून टाका. माझ्या पहिल्या यादीत चौदा मुद्दे होते, शेवटी उरले तीन, आणि त्या तीनवरच पैसे मिळाले. चौदा मुद्द्यांची यादी दिली की समोरचा त्यातला सगळ्यात फालतू मुद्दा उचलतो आणि त्यावरच आठवडाभर वाद घालतो.

तिसऱ्याकडून तपासणी, इथे खर्च करायला कंजूषी नको

तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकचं मत तुमच्या समाधानापुरतं ठीक. रिपोर्ट मात्र असा माणूस किंवा वर्कशॉप गाठा ज्याचा दोघांशीही संबंध नाही, कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर उत्तम. रिपोर्ट लेटरहेडवर, त्यात तारीख, चेसिस नंबर, मीटर रीडिंग, तपासणाऱ्याचं नाव आणि सही. आणि "काही उघडू नका, खोलू नका, बाहेरून आणि स्कॅनरने जे दिसतं तेवढंच" हे आधी सांगा. उघडावंच लागणार असेल तर आधी विकणाऱ्याला लेखी कळवून त्याला माणूस पाठवायची संधी द्या.

स्कॅनर म्हणजे डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावतात ते मशीन. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलला हे सॉकेट सक्तीचं झालं आणि नंतर जवळपास सगळीकडे पसरलं. नुसता बिघाडाचा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोष) काय आलाय एवढंच बघून थांबू नका. विकायच्या आधी कोड पुसून दिवा घालवणं ही जुनी आयडिया आहे, पण पुसलं की गाडीच्या आतल्या स्वतःच्या तपासण्याही शून्यावर येतात आणि "अपूर्ण" दिसतात, त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. बऱ्याच गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली तेही सांगतात. माझ्या केसमध्ये तिथे ४१ किलोमीटर आले आणि माझ्याकडे त्याने पाठवलेल्या व्हिडिओतलं मीटर रीडिंग होतं. वजाबाकी केली तर कोड व्हिडिओच्या आदल्या दिवशीच्या आसपास पुसलेले निघाले. एवढ्या एका आकड्यावर त्याचा आवाज खाली आला. अर्थात बॅटरी काढली किंवा बदलली तरीही हे सगळं शून्य होतं, त्यामुळे फक्त "अपूर्ण" दिसलं म्हणून उड्या मारू नका, तोच कोड परत येतोय का ते बघा.

अपघाताचा संशय असेल तर रंगाची जाडी मोजायचं मीटर मागा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली असेल तर आकडा कितीतरी पटीने वर जातो. एका दरवाज्यावर थोडा जास्त आकडा म्हणजे ओरखडा घालवायला रंग मारला असेल, त्याने मोठा अपघात सिद्ध होत नाही. पिलर (छताला आधार देणारे पत्र्याचे खांब), छत आणि बॉनेटखालच्या जोडांवर गडबड दिसली तर ते महत्त्वाचं. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर कामाचं नाही.

रनिंग कमी दाखवलंय वाटलं तर अधिकृत सेंटरमधली जुनी सर्व्हिस नोंद हा सगळ्यात भारी पुरावा, तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं. काही गाड्यांत मीटरशिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही किलोमीटर साठवलेले असतात, मीटर मागे फिरवणारा ते विसरतो. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. गाडी पाच वर्षांची, रनिंग म्हणे वीस हजार आणि चारही टायर मागच्या वर्षीचे, मग पहिले टायर एवढ्यात गेले कुठे हा प्रश्न विचारता येतो, उत्तर मात्र त्याला देऊ द्या.

पुराची गाडी असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, तिथला मातीचा पट्टा धुवायचं बरेच जण विसरतात. सीटच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीखालची माती पण बघा.

चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांना, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच. काचेखाली, दरवाज्याच्या पिलरवर आणि पत्र्यावर ठोकलेला, तिन्ही एकच पाहिजेत आणि कागदाशी जुळले पाहिजेत. नाही जुळले तर वर पहिल्या कामाकडे परत जा.

तपासणाऱ्याला "गाडी खराब आहे ना?" असं विचारूच नका. दोन प्रश्न विचारा आणि उत्तर रिपोर्टमध्ये लिहून घ्या: हा दोष अंदाजे किती जुना आहे, आणि रोज गाडी चालवणाऱ्याला हा कळला असता का. तुम्हाला खरं तर एवढंच हवंय.

वाटेत झालेलं नुकसान वेगळं काढा

डेंट ट्रेलरवर पडला असेल तर विकणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. गाडी चढवताना ट्रान्सपोर्टवाला एक फॉर्म भरतो, कुठे ओरखडा वगैरे, त्याची कॉपी मागा आणि उतरवतानाच्या फोटोंशी ताडून बघा. डिलिव्हरीच्या कागदावर "तपासणी बाकी" किंवा दिसलेलं नुकसान लिहूनच सही करायची असते. ट्रान्सपोर्टकडे तक्रार द्यायची मुदत फार थोडी असते, आजच देऊन टाका. चढवतानाचं आणि उतरवतानाचं मीटर रीडिंगही जुळवा, मधे कोणीतरी चालवत आणली असेल तर तिथेच कळतं.

समोर कोण आहे यावर कायदा ठरतो

डीलर आणि साधा घरगुती मालक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतलेली गाडी सदोष असेल तर २०१५ च्या कायद्याने ३० दिवसांत नाकारता येते, आणि सहा महिन्यांत निघालेला दोष सहसा आधीपासूनचाच धरला जातो, डीलरला उलट सिद्ध करावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये डीलरकडून लांबून घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, फक्त तपासण्यापेक्षा जास्त वापरली तर कमी झालेली किंमत तुमच्याकडून घेतात (म्हणून म्हटलं गाडी उभी करा). अमेरिकेत असा सरसकट तीन दिवसांचा हक्क असतो हा लोकांचा गैरसमज आहे, ऑनलाइन घेतलेल्या गाडीला तो नाही, आणि "आहे तशी" अशा अटीवर विकलेली असेल तर वाट अवघड, पण फसवायच्या हेतूने मीटर मागे फिरवला असेल तर तिथला केंद्रीय कायदा नुकसानीच्या तिप्पट किंवा १०,००० डॉलर यातलं जे जास्त ते देतो. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता तिथल्या आयोगात, २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही.

घरगुती मालकावर मात्र हे ग्राहक कायदे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत. तिथे मुद्दा एकच उरतो, त्याने केलेलं वर्णन खोटं होतं का. म्हणून ते दोन रकाने. आणि एक युक्ती, त्याचा नंबर इतर जाहिरातींमध्ये शोधा. "माझी स्वतःची गाडी" म्हणणाऱ्याच्या नावावर अजून सहा गाड्या विकायला दिसल्या तर तो डीलरच आहे, स्क्रीनशॉट काढा.

तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते ठरवा

गाडी परत, दुरुस्तीचा खर्च, की किमतीतला फरक? "मला न्याय पाहिजे" हे उत्तर नाही. लांबची गाडी परत करायची म्हणजे ट्रान्सपोर्टचा खर्च, कागदांची उलटी फेरी, तोपर्यंत विमा, पार्किंग, सगळं आलं. माझं मत विचाराल तर मीटर मागे, मोठा अपघात, पूर किंवा कागदाची गडबड असेल तर परतच करा, दुसरं काही स्वीकारू नका. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स असलं ठराविक काम असेल तर दोन वेगवेगळ्या वर्कशॉपची एस्टिमेट घ्या आणि तेवढेच पैसे मागा. मनस्तापाचे म्हणून वर गोल आकडा चिकटवला की समोरच्याला सगळंच फेटाळायला कारण मिळतं.

मग एक पत्र, ईमेलने आणि चॅटवर दोन्हीकडे. साधारण असं:

"अमुक तारखेला तुमच्याकडून अमुक चेसिस नंबरची गाडी घेतली. जाहिरातीत आणि अमुक तारखेच्या मेसेजमध्ये तुम्ही पुढील तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तपासणी रिपोर्टनुसार प्रत्यक्षात असं आढळलं. रिपोर्ट आणि दोन एस्टिमेट सोबत जोडली आहेत. गाडी आल्यापासून इतके किलोमीटर चालली असून आता उभी आहे. तुम्हाला स्वतः किंवा तुमच्या माणसाकडून तपासायची असेल तर अमुक तारखेपर्यंत येऊ शकता. अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत मिळावी, अन्यथा मी रीतसर तक्रार करेन."

बस. शिवी नाही, "तुला कोर्टात खेचतो" नाही, "सोशल मीडियावर टाकतो" तर अजिबात नाही, पैशाच्या मागणीला जोडून दिलेली धमकी तुमच्यावरच उलटू शकते. तपासायला या, हे वाक्य मात्र विसरू नका. शंभरातले बहुतेक येत नाहीत, पण नंतर "मला बघूच दिलं नाही" म्हणायची वाट बंद होते.

पैसे ज्या वाटेने गेले त्या वाटेने परत मागा

हे पत्राच्या जोडीलाच करायचं, पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबून नाही. वेबसाइटची तक्रार मुदत तुम्ही गोड बोलत बसलात म्हणून थांबत नाही, आणि काही विकणारे मुद्दाम "पुढच्या आठवड्यात बघतो" करत ती घालवतात. एस्क्रोमध्ये (म्हणजे गाडी मिळेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे थांबतात तिथे) पैसे असतील तर लगेच वाद नोंदवा, "मिळाली" बटण दाबू नका. कार्डाने भरलं असेल, अगदी टोकनची रक्कम जरी, तर बँकेकडे चार्जबॅक (कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत) मागा, मुदत बऱ्याचदा १२० दिवसांच्या आसपास असते पण आपल्या बँकेला विचारून खात्री करा. फॉर्ममध्ये कारण निवडताना "वर्णनाप्रमाणे नाही" हे निवडा. साध्या बँक ट्रान्सफरला चार्जबॅक नसतो. कर्जावर गाडी असेल तर कर्ज कंपनीला कळवा, पण हप्ता रागाने बंद करू नका, तुमचाच क्रेडिट स्कोअर जाईल.

विकणारा म्हणाला "वेबसाइटवर तक्रार मागे घ्या, मी थेट पैसे देतो", तर उत्तर एकच, आधी पैसे.

एवढं करूनही नाहीच ऐकलं तर मध्यस्थी, ग्राहक आयोग, लहान रकमांचं कोर्ट, तुमच्याकडे जे असेल ते. जायच्या आधी दोन गोष्टी विचारा: केस कुठल्या गावात चालणार, आणि निकाल लागल्यावर त्याच्याकडून वसूल कसं करायचं. रक्कम लहान आणि केस त्याच्या गावात असेल तर वकिलाची एक नोटीस पाठवून थांबणंही चुकीचं नाही, बरेच जण नोटीस आल्यावरच बोलायला लागतात.

मिटलं तर मिटल्याचं लिहून घ्या

किती रक्कम, कधी, कशासाठी, आणि गाडी कोणाकडे राहणार. पूर्ण व अंतिम म्हणून सही मागतील, ती पैसे खात्यात दिसल्यावर करायची, स्क्रीनशॉट बघून नाही. हप्त्याने देतो म्हणाला तर पहिला हप्ता मोठा घ्या. मी माझ्या वेळी दोन हप्ते मान्य केले, दुसरा यायला आठ आठवडे आणि बावीस मेसेज लागले.

गाडी परत जाणार असेल तर पैसे आल्याशिवाय किंवा एस्क्रोमध्ये पडल्याशिवाय चावी द्यायची नाही. देताना परत सगळे फोटो, मीटर रीडिंग, दोन्ही चाव्या आणि मूळ कागदांची यादी करून त्यावर नेणाऱ्याची सही. नाव ट्रान्सफर तुमच्या बाजूने झालं असेल तर ते उलटं फिरलंय याची नोंद दिसेपर्यंत विमा बंद करू नका, कारण तोपर्यंत त्या गाडीने कोणाला ठोकलं तर पोलीस तुमच्याच दारात येणार.